एका ताटलीतल्या पाच

बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून काकडी काढून ताटलीत ठेवली, ताटलीतली एक काकडी त्याच खिशात सरकवली आणि तंबूच्या छताकडे पाहत ते दोन पावलं मागे आले. इतक्या सफाईनं त्यांनी उभ्या आयुष्यात काज केलं नव्हतं, आणि ते शिंपी होते.

आई तेव्हा नोंदणीच्या टेबलाशी होती. शेतकी प्रदर्शनाच्या भाजी विभागात ती सहा वर्षं परसातल्या काकड्या मांडत होती, आणि सहाही वर्षं तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. एवढं उत्तेजन मिळूनही ती शांत असे. यंदा मात्र बियाण्याच्या पाकिटावर तिनं बारीक अक्षरात ‘पहिला’ असं लिहून ठेवलेलं बाबांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांना त्या पाचातली एक काकडी जराशी वाकडी दिसू लागली. टेप लावून पाहिला. पाव इंच बाक.

“काय करताय इथे?” आईनं येऊन विचारलं.

“पहारा.”

“काकड्यांवर?”

“लोकांचा काय भरवसा!”

मग मुलगी म्हणाली, “तुम्ही दोघं ट्रॅक्टर बघून या. मी थांबते.” ती नर्स होती, पहाऱ्याची सवय होती. थोड्या वेळानं मुलगा तिला म्हणाला, “ताई, पाय दुखले असतील तुझे. जा, मी आहे.” एरवी टीव्हीचा रिमोट आणून द्यायला हा मोबदला मागत असे.

“केवढी माया उतू चाललीय आज,” मुलीनं ट्रॅक्टरांपाशी येऊन हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली. पण तिला बरं वाटलं होतं.

दुपारी परीक्षक बाई आल्या. दोरीपलीकडे चौघं ओळीनं उभे राहिले. बाईंनी एकेक काकडी उचलली, नखानं खरवडली, वास घेतला आणि चष्म्यावरून पाहिलं.

“या कुणाच्या?”

“माझ्या,” आई पुढे झाली.

“पाचही एकाच वेलीवरच्या हव्यात, असा नियम आहे.”

“एकाच वेलीवरच्या आहेत.”

“ही बाजारातली, मेण लावलेली. हिच्यावर प्लॅस्टिकच्या वेष्टणाची घडी उमटलीय. आणि हिची तर जातच निराळी.” बाईंनी उरलेल्या दोन हातात तोलल्या. “या दोन तुमच्या. अशा पाच असत्या ना, तर मी पुढची ताटली बघितली नसती.”

बाबांनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं भावाकडे. भावानं शेजारच्या कोबीकडे.

आईही तिघांकडे पाहून घेत होती. मग ती बाईंना म्हणाली, “माझीच गडबड झाली असेल. सकाळी घाई होती.”

ताटली बाद झाली. उत्तेजनार्थसुद्धा नाही.

चौघं मैदानाच्या कडेला झाडाखाली येऊन बसले. बाबा शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिले. ते चांगलं घट्ट होतं. आईनं रुमाल पसरला आणि हात पुढे केला.

“आणा.”

तीन काकड्या तिच्या हातात आल्या. एक कोटातून, एक पर्समधून, एक जॅकेटमधून. ताटलीतल्या आपल्या दोन काकड्यांशेजारी त्या मांडून तिनं पाचही एकदा नीट पाहिल्या. मग पिशवीतून त्या परक्या तीन काढल्या.

“ही तुम्ही घ्या. एकदम सरळ आहे.” ती बाबांची.

“ही तुला. वेष्टणातली, स्वच्छ.” ती मुलीची.

“आणि ही घाईत घेतलेली दिसते,” असं म्हणून तिसरी तिनं मुलाला दिली.

“आई, अगं, आम्हाला फक्त—” मुलगा म्हणू लागला.

“खा.”

बाबांची काकडी पहिल्या घासापासून कडू निघाली. त्यांनी ती डोळे मिटून, न थांबता, देठापर्यंत खाल्ली.

“कशी आहे?” आईनं विचारलं.

“छान आहे.”

आईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग आपल्या पाचांतली एक मधोमध मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली.

“पुढच्या वर्षी भोपळा लावणार आहे मी,” ती म्हणाली. “तो एकच मांडायचा असतो. आणि उचलायला तिघं लागतात.”