बिनपंखांची काजवी

मी एक काजवी आहे आणि मला पंख नाहीत. हसू नका मित्रांनो. आमच्या जातीत पंख नरांना मिळतात. मादीच्या वाट्याला येते अळीसारखे लांबट अंग आणि शेपटाशी एक दिवा.

माझा जन्म कोयनानगरच्या उतारावरचा. वर्षभर ओल्या पाल्याखाली गोगलगाई खाऊन मी वाढले. मोठी झाले तेव्हा पोटात अंडी होती आणि आयुष्य उरले होते जेमतेम दहा दिवसांचे. रोज दिवेलागणीला गवताच्या बुंध्याशी बसायचे, आपला दिवा लावायचा आणि वरून कोणी नर उतरतो का ते पाहायचे. मला त्याच्याकडे जाता येत नाही. तो आला नाही, तर अंडी वाया.

आईच्या वेळी हा उतार काळाकुट्ट होता. माझ्या वेळी धरणावरच्या मजुरांच्या खोल्या झाल्या आणि दारोदार विजेचे बल्ब लागले.

समोरच्या खोलीत कोंडीबा आणि त्याची बायको भामाबाई राहत. गावाकडे चिमणीच्या उजेडात दिवस काढलेली बाई ती. बटण दाबून बल्बला हात जोडायची. एकदा कोंडीबा वैतागून म्हणाला, "अगं, जेवणं झाली न्हवं? बंद कर की त्यो दिवा. किती किडं आल्यात!"

"आवं, काय बोलताय? लावल्याला दिवा हातानं मालवू न्हाई. त्याल सपलं की जाईल आपसूक."

"ह्याला कुठलं गं त्याल!"

"मग जळू द्या. सरकारचा हाय."

कोंडीबा हसून आत गेला. बल्ब सकाळपर्यंत जळला. रोज जळला.

सगळे नर तिकडेच गेले. नवव्या दिवशी एक जण माझ्या डोक्यावर अगदी वीतभर अंतरावर आला. होते नव्हते तेवढे तेज मी ओतले. तो घुटमळला, वळला आणि बल्बवर जाऊन आपटला. मला त्याचा राग आला. पंख दिले, पण अक्कल कोणी द्यायची?

सकाळी भामाबाईने त्याला केरसुणीने माझ्यासमोर लोटले. "किती जीव मेलं गं बाई," म्हणत हळहळली. तिचे मन वाईट नव्हते. याच गोष्टीचा मला जास्त संताप येतो.

आज माझी शेवटची संध्याकाळ. दिवा फिकट पडला आहे, अंडी पोटातच आहेत. मित्रांनो, दिव्याला हात जोडा, माझी ना नाही. काम झाले की तेवढे बटण बंद करा. भामाबाईलाही कोणी तरी सांगा. तिचे दार चार हातांवर आहे, पण मला ते गाठता येणार नाही.

ती पाहा, तिने आत्ताच बटण दाबले, आणि डोळे मिटून हात जोडले.