थेलुस, रेश्माच्या तळहातावर

मित्रांनो, मी एक शब्द आहे, आणि इतका जुना की माझं खरं वय कोणालाच सांगता येत नाही. थेलुस हे माझं नाव. ग्रीस देशात माझं आयुष्य गेलं. तिथे माझा अर्थ होता मादी, बाईजातीची.

माझी घडण दुधातून झाली. चोखणं, पाजणं असा अर्थ असलेल्या एका फार प्राचीन मुळाला मी फुटलो. त्याच मुळाची दुसरी फांदी तुमच्याकडे वाढली, ती धेनू. उमेदीच्या काळात मला कामाला तोटा नव्हता. घोडीला मी लागायचो, मेंढीला लागायचो. मुलींचा गलका उठला, तर त्या गलक्यालाही माझंच नाव. कवी मला पहाटेच्या दवाशी जोडत. कारागीर तर ज्या खाचेत दुसरा भाग घट्ट बसतो, त्या खाचेला मला लावत.

मग लोकांची नजर फिरली. नाजूक, दुबळा, बायकी असे अर्थ मला चिकटले. एखाद्या गड्याला हिणवायचं असलं की माझी आठवण व्हायची. पुढे तेही थांबलं. जाडजूड कोशांत मी पडून राहिलो.

यंदा मला राजूरच्या शाळेत नीलांबरी मॅडमनी बाहेर काढलं. नववीला 'एपिथेलियम', म्हणजे शरीराला झाकणारा पेशींचा थर, शिकवताना त्या म्हणाल्या, "या शब्दाच्या पोटात 'थेली' आहे, म्हणजे स्तनाचं टोक. थेलुस तिचाच भाऊबंद. आधीचा अर्थ दूध पाजणारी. दुबळी वगैरे मागून आलं."

"म्हणजे रेश्मा दुबळी, मॅडम! तिला खो-खोत घेऊ नका," मागच्या बाकावरून ओम ओरडला.

"आधी मला शिवून दाखव, मग बोल," रेश्मा म्हणाली. वर्ग हसला. तिने मात्र निळ्या पेनाने मला तळहातावर उतरवून घेतलं. असा मी दुपारी तिच्या घरी गेलो.

घरी कोणी हसत नव्हतं. रेश्माने लहानाची मोठी केलेली काळी शेळी त्याच दिवशी सकाळी, ती शाळेत गेल्यावर, विताना मेली होती. मागे एक करडू उरलं होतं. ते बाटलीचं निपल तोंडात धरत नव्हतं. त्याने मान टाकली होती. गोठ्यात चांदी नावाची दुसरी शेळी नुकतीच व्यालेली होती, पण परक्या पिल्लाला ती शिंगावर घेत होती.

शेजारचे सहादेवमामा दारात उभे होते. रेश्माच्या आईला ते म्हणाले, "बनुबाई, कशाला झटतीस? ते काय संध्याकाळ बघत न्हाई."

"तुमी संध्याकाळी चहाला या, मामा, आन् मग बोला," बनुबाई म्हणाली.

तिने चांदीचं थोडं दूध वाटीत पिळलं आणि करडाच्या पाठीला, शेपटीला चोळलं. "शेळी आपलं पिल्लू शेपटीशी हुंगून वळखती," ती लेकीला म्हणाली. "मी शिंगं धरते. तू करडू लाव."

रेश्माने करडू कासेखाली नेलं. चांदीने लाथ झाडली. ती रेश्माच्या मनगटावर बसली.

"सोड गं, आनखी लागंल."

"न्हाई सोडत."

पण करडू तोंडच उघडेना. तेव्हा रेश्माने दोन बोटं वाटीत बुडवली आणि त्याच्या ओठांत सरकवली. काहीच झालं नाही. तिने पुन्हा बुडवली. पुन्हा काही नाही. मामा दारातून पुढे सरकले. आणखी एकदा बोटं आत गेली, आणि त्या एवढ्याशा जिभेने ती ओढली.

मित्रांनो, तो ओढा माझ्यापर्यंत पोचला. दूध बोटांवरून तळहातावर उतरलं, माझी शाई विरघळू लागली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी जिथून निघालो होतो, ती हीच जागा.

रेश्माने बोटं हळूच आचळाशी नेली आणि काढून घेतली. करडाने आचळ धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. चांदीने मान वळवून त्याची शेपटी हुंगली. एकदा खूर आपटला. बनुबाईने शिंगं सोडली. चांदी उभी राहिली, आणि करडाची शेपटी तुरुतुरु हलायला लागली.

"पितंय की गं!" मामा म्हणाले.

"व्हय. चहा टाकते, मामा. पन बिनदुधाचा मिळंल. चांदीचं दूध आता त्येचं हाय."

रेश्माच्या हातावर माझा निळा डागसुद्धा उरला नाही. म्हणून माझं म्हणणं इथेच सांगून ठेवतो. एखादा शब्द कोणाला हिणवायला उचलण्याआधी, तो मुळात कशासाठी जन्मला ते विचारा. शब्दही पोसावे लागतात, नाहीतर ते मान टाकतात. आणि मला दुबळा म्हणणारा कोणी भेटलाच, तर त्याला लाथा झाडणाऱ्या शेळीपाशी बसवा, हातात उपाशी करडू द्या, आणि ते पिईपर्यंत उठू देऊ नका.