आवाजावर नेम

"आणखी एकदा," सर्जेराव कुजबुजले. "पर जरा हळू. मादी लांब हाय असं वाटू द्या त्याला."

दीनानाथ सोवनींनी ओठ ओले केले, दोन्ही तळहात तोंडाभोवती धरले आणि साद घातली. तीन बारीक, चढत जाणारे स्वर. बाभळीच्या झुडपाआड उकिडवे बसून त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. नुकतेच उजाडले होते. वाघोलीच्या पुढचा तो माळ फाल्गुनात वाळून पिवळा पडला होता. त्या पिवळ्यातून कुठून तरी उत्तर आले. कतीतर, कतीतर, कतीतर. मग पुन्हा, जवळून. गवताच्या दोन ठोंबांमधून तित्तर बाहेर आला. मान ताठ, छाती पुढे, घाईत असल्यासारखा. इतक्या जवळ येऊन थांबला की दीनानाथांना त्याच्या गळ्याखालची काळी रेघ दिसली.

पलीकडे सर्जेरावांचा गडी भैरू दबा धरून बसला होता, त्याने ढेकूळ फेकले. तित्तर फडफडत उडाला, बंदूक वाजली आणि पाखरू दहा पावलांवर पडले.

सर्जेरावांनी पाखराकडे पाहिलेसुद्धा नाही. ते दीनानाथांकडे बघत होते. "दीनानाथराव," ते म्हणाले, "येवढी वर्सं ह्ये गळ्यात दाबून कचेरीत बसला व्हता तुमी?"

भैरूने पाखरू आणून त्यांच्या हातात दिले, कारण पहिला मान बोलावणाऱ्याचा. ते गरम होते आणि अगदी हलके होते. आपल्याला वाईट वाटायला हवे, असे दीनानाथांच्या मनात आले. ते थोडा वेळ वाट पाहत उभे राहिले. वाईट वाटत होते की नव्हते, हे त्यांना नक्की सांगता आले नसते. छातीत मात्र धडधडत होते, आणि 'आणखी एकदा' असे कुणीतरी म्हणावे असे वाटत होते.

ही अडुसष्ट सालची गोष्ट. दीनानाथ तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. पुण्याच्या कलेक्टर कचेरीत शस्त्र-परवान्यांच्या टेबलावर एकोणीस वर्षे कारकून. नारायण पेठेत दोन खोल्यांचे बिऱ्हाड, घरात पत्नी सुहासिनी आणि ते. घरात अंडेही येत नसे. कचेरीत परवानेवाले येत, सही करत आणि जात. बहुतेक जण त्यांना 'अहो' म्हणत. नाव विचारण्याची वेळ कुणावर येत नसे.

सर्जेराव घुले हे मांजरीचे बागायतदार. दरवर्षी परवान्याच्या नूतनीकरणाला येत आणि शिक्का बसेपर्यंत बाकावर बसून गप्पा मारत. त्या वर्षी ते सांगत होते की तित्तर आता हुशार झालेत, पूर्वी सादेला धावत यायचे, आता भैरूने कितीही बोलावले तरी फसत नाहीत. दीनानाथांनी रजिस्टरातून मान वर न करता विचारले, "कशी साद घालतो तो?" सर्जेरावांनी नक्कल करून दाखवली. दीनानाथ म्हणाले, ही नराची झाली. मादीची अशी नसते. आणि त्यांनी ती काढली. निघोजला मामाकडे असताना एका धनगराकडून शिकलेली, तीस वर्षांत कधी न काढलेली. सर्जेरावांनी चटकन खिडकीकडे पाहिले. टंकलेखन यंत्रे थांबली. मोठ्या साहेबांनी दारातून डोकावून कबुतर आत आले आहे का, असे विचारले.

आठ दिवसांत सर्जेराव पुन्हा आले. दरवर्षी ते हंगाम संपता संपता दोन आठवडे जीप, तंबू आणि भैरूला घेऊन माळामाळाने फिरत. दीनानाथांनी या वेळी सोबत यावे, असे त्यांचे म्हणणे होते. दीनानाथांची पंधरा दिवसांची हक्काची रजा वाया जाणारच होती. ते हो म्हणाले आणि घरी जाईपर्यंत आपण हो का म्हणालो याचा विचार करत राहिले.

सुहासिनीबाईंनी ऐकून घेतले. "झुरळ मारायला मला हाक मारता," त्या म्हणाल्या, "आणि शिकारीला निघालात." पण त्यांनी वळकटी बांधून दिली, आणि तिच्यात मेतकुटाचा डबाही घातला.

वाघोलीहून ते शिरूरकडे गेले, तिथून सुप्याकडे. दोन-तीन दिवसांनी तंबू हलायचा. सर्जेरावांनी भैरूला ताकीद दिली होती की दीनानाथरावांचे पिठले-भाकरी वेगळ्या भांड्यांत करायची, त्या भांड्यांना दुसरे काही लागता कामा नये. भैरू मनापासून ते पाळत असे. संध्याकाळी पाखरे सोलायला बसला की तो आधी सांगे, "भाऊसाहेब, तिकडं तोंड करून बसा." दीनानाथ मावळतीकडे तोंड करून बसत. मागे पिसे उपटल्याचा आवाज येई. तो आवाज ऐकू येऊ नये असे त्यांना वाटे. पण उठून लांब जावे असे कधी वाटले नाही.

सर्जेरावांचे काही नियम होते. बसल्या पाखरावर बंदूक उचलायची नाही. उडाल्यावर एकदाच मारायचे; चुकले तर पाखराचे नशीब. दिवसाला चारच्या वर नाही. हे नियम ऐकून दीनानाथांना बरे वाटले. मग त्यांच्या लक्षात आले की बोलावणाऱ्यासाठी त्यांत एकही नियम नाही.

रोज पहाटे ते सगळ्यांच्या आधी जागे होत आणि चहा होण्याची वाट बघत. वाटेतल्या गावांत सर्जेराव लोकांना सांगत, "ह्ये आमचे दीनानाथराव. ह्यांच्या तोंडात पाखरू हाय." लोक त्यांच्याकडे कौतुकाने बघत. शिरूरहून त्यांनी घरी कार्ड टाकले. काय वाटते ते लिहावे म्हणून बराच वेळ पेन्सिल धरून बसले. शेवटी लिहिले : हवा कोरडी आहे. प्रकृती उत्तम. मेतकूट उपयोगी पडते.

आठव्या दिवशी, सुप्याच्या अलीकडे एका ओढ्याकाठी, त्यांनी साद घातली आणि नर आला. त्याच्यामागून मादी आली. ती आपल्या नराला बोलावणाऱ्या दुसरीला हाकलायला आली होती. पिसे फुलवून ती सरळ दीनानाथांच्या झुडपावर चालून येत होती. भैरूने ढेकूळ फेकले. दोघे एकदमच उडाले. दोन नळ्यांची बंदूक दोनदा वाजली. एका पाखराला एकच बार; नियम मोडला नव्हता. असा दुहेरी बार सर्जेरावांना कित्येक वर्षांत साधला नव्हता. त्यांनी दीनानाथांच्या पाठीवर थाप मारली. दीनानाथ हसलेही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी तोंडाभोवती हात धरले आणि नुसती हवा बाहेर आली.

पुन्हा प्रयत्न केला. फुस्स. भैरूला वाटले, गार पाण्याने घसा बसला. त्याने ज्येष्ठमध उगाळून दिला, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. बोलताना घसा स्वच्छ होता. साद मात्र येईना. तीन दिवस गेले. सर्जेराव एका शब्दानेही रागावले नाहीत. "व्हतं असं," ते म्हणाले, "आराम करा." पण तीन दिवसांत एकही पाखरू मिळाले नव्हते. सर्जेराव तंबूच्या दाराशी बसून बंदूक पुसत आणि माळाकडे बघत राहत. दीनानाथांना आपले ओझे झाल्यासारखे वाटू लागले. कांदे चिरून द्यावेत म्हणून ते भैरूजवळ गेले, तर त्याने संकोचून पाखरे कापायची सुरी लपवली.

आपला आवाज गेला याचे दुःख होते की सुटकेचा आनंद होता, हे ते स्वतःला विचारत. कधी वाटे, ती पिसे फुलवून आलेली मादी डोळ्यांसमोरून जात नाही म्हणून असे झाले. मग वाटे, उगाच मोठेपणा कशाला. घसाच बसला असेल. सुहासिनी असती तर तिने एका वाक्यात निकाल लावला असता.

चौथ्या दिवशी झुंजूमुंजू होताना ते उठले. सर्जेराव आणि भैरू झोपलेले होते. कुणाला न सांगता ते ओढा ओलांडून पलीकडच्या बांधापाशी गेले आणि करवंदीच्या जाळीत बसले. आवाज आहे की मेला, एवढेच त्यांना बघायचे होते. पहिल्यांदा हवा आली. दुसऱ्यांदा साद आली, चढती, बारीक, पहिल्यापेक्षाही चांगली.

लगेच उत्तर आले. त्यांनी पुन्हा घातली. पुन्हा उत्तर. जवळपास बंदूक नव्हती, त्यामुळे थांबण्याचे कारण नव्हते. थोड्या वेळाने नर आला आणि मागोमाग मादी. आजवर पाखरू आले की सगळे संपत असे. आल्यावर ते काय करते, हे दीनानाथांनी कधी पाहिलेच नव्हते. नराने इकडेतिकडे बघितले. मादी जाळीभोवती रागाने एक फेरी मारून गेली. कुणीच दिसेना तेव्हा दोघांनी तिथेच एक वाळवीचे ढेकूळ उकरले आणि टिपत बसले. दीनानाथांनी अगदी हळू आणखी एक साद घातली, केवळ त्यांच्या माना वर होताना बघायच्या म्हणून.

एकाएकी दोन्ही पाखरे भर्रकन उडाली. मागे खट्ट असा आवाज झाला. दीनानाथ वळले.

बारा-पंधरा पावलांवर सर्जेराव बांधावर बसले होते. बंदूक बिजागरीवर उघडून मांडीवर घेतली होती आणि ते काडतुसे बाहेर काढत होते. एक काडतूस हातातून निसटून खाली पडले. ते त्यांनी उचलले नाही. अंगात नुसती बंडी होती, पायांत वहाणाही नव्हत्या.

"म्या तुमच्यावर नेम धरला व्हता," ते म्हणाले.

"माझ्यावर?"

"आवाजावर. जाळीत काय तरी हललं. बोट चापावर व्हतं." ते थांबले. "मग तुमी खोकला."

आपण खोकल्याचे दीनानाथांना आठवत नव्हते. ते जाळीतून बाहेर आले आणि सर्जेरावांसमोर उभे राहिले. आपण आत्ता मेलो असतो, असे त्यांनी मनात म्हणून पाहिले. त्याचा अर्थ लागेना. त्याआधी एक वेगळाच विचार येऊन गेला होता : बावीस वर्षे शिकार करणाऱ्यालाही फरक कळला नाही, इतकी साद बरोबर होती. त्या विचाराने त्यांना आनंद झाला होता. आणि त्या आनंदाची इतकी लाज वाटली की ते खाली बघत राहिले.

"आवाज आला आज," ते म्हणाले.

"आला तर. त्यानंच उठलो." सर्जेरावांनी हात चेहऱ्यावरून फिरवला. "बसल्या पाखरावर कधी उचलली न्हाई. न बघता तर बापजन्मात न्हाई. आज काय झालं, मलाच कळंना. तीन दिस पाखरू न्हाई म्हणून? येवढ्यासाठी?"

सर्जेराव उठायला गेले आणि पुन्हा बसले. मग दीनानाथांनी वाकून बंदूक घेतली. हजारो बंदुकांचे क्रमांक त्यांनी हाताने लिहिले होते. उचलली ही पहिलीच. वाटली होती त्यापेक्षा जड होती. एका हाताने ती कवेत धरून दुसरा हात त्यांनी सर्जेरावांना दिला. त्या साठ किलोच्या कारकुनाच्या आधाराने ते दांडगे बागायतदार ओढा उतरले आणि चढले.

भैरू चूल पेटवत होता. त्याने दोघांकडे पाहिले, बंदूक कुणाच्या हातात आहे ते पाहिले, आणि काही न विचारता चहात साखर जास्त घातली. चहा झाल्यावर सर्जेराव म्हणाले, तंबू उतरव. हंगामाचे अजून काही दिवस बाकी होते. वाटेत यवतपाशी जीप थांबली असताना सर्जेरावांनी मागे वळून विचारले, "आवाज आला ह्ये मला सांगनार व्हता का तुमी?"

दीनानाथांनी खूप विचार केला. "माहीत नाही," ते म्हणाले. ते खरेच होते.

नारायण पेठेत जीप बोळात शिरेना. सर्जेराव कोपऱ्यावर उतरले आणि भैरूला हात लावू न देता दीनानाथांची वळकटी स्वतः खांद्यावर घेऊन जिन्यापर्यंत आले. वर आले नाहीत.

सुहासिनीबाईंनी आंघोळीचे पाणी काढले, पान वाढले, आणि मग विचारले, "किती मारलेत?"

"मी नाही मारले."

"मग इतके दिवस तिथे काय करत होतात?"

"बोलावत होतो."

"आणि येत होते?"

"हो," दीनानाथ म्हणाले. "येत होते."

सुहासिनीबाईंच्या ओठांवर काहीतरी आले होते, पण त्यांनी नवऱ्याकडे पाहिले आणि ते गिळले. ताटात आणखी थोडा भात वाढला.

पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी सर्जेराव कचेरीत आले. या वर्षी ते बाकावर बसले नाहीत. सरळ टेबलाशी उभे राहिले. बंदूक विकायची आणि परवाना रद्द करायचा, असे त्यांनी सांगितले. गावाकडच्या पावसापाण्याचे, भैरूच्या नव्या बैलाचे दोन शब्द झाले. सुप्याचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही. दीनानाथांनी छापील अर्ज काढला. नाव, गाव, बंदुकीचा क्रमांक न विचारता भरले. मग 'कारण' असा रकाना आला आणि त्यांनी मान वर केली.

सर्जेरावांनी त्या रकान्याकडे पाहिले. "काय लिवायचं?" त्यांनी विचारले.

दीनानाथांनी टाक शाईत बुडवला आणि आपल्या बारीक, सुबक अक्षरात दोन शब्द लिहिले. अर्ज सहीसाठी फिरवून समोर ठेवला.

सर्जेरावांनी कागद उचलून हातभर लांब धरला आणि चष्म्याशिवाय, खिडकीकडे न वळता, वाचला.

"दृष्टी अधू," ते म्हणाले. "बरुबर हाय." आणि त्यांनी सही केली.