देसीची मान

आमच्याकडे राहायला आलेली मुलगी बल्गेरियाची, आणि नाव देसी. खरं नाव देसिस्लावा, पण एवढं लांब नाव घ्यायला आग्र्यात वेळ कुणाला आहे? तिनेच 'देसी म्हणा' सांगितलं, तेव्हा आमचे कुलश्रेष्ठ म्हणाले, "तूप देसी ऐकलं होतं, आता परदेशी पोरगीसुद्धा देसी!" आणि ठसका लागेपर्यंत स्वतःच हसले. कुलश्रेष्ठ हे माझ्या नवऱ्याचं आडनाव. स्वभावाशी त्याचा संबंध नाही.

ती हिंदी शिकायला वर्षभरासाठी आली होती. आमची वरची खोली तिच्या हिंदी शिकवणाऱ्या संस्थेने तिला मिळवून दिली. मला तिची काळजी वाटायची, कारण मीही कधीकाळी इथे परकीच होते. मी मिरजेची. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, "सुनेला पुढे शिक्षा मिळालीच पाहिजे." मी न्हाणीघरात जाऊन रडले. त्यांना शिक्षण म्हणायचं होतं, हे कळायला मला दोन दिवस लागले.

बाकी सगळं अंगवळणी पडलं, एक सोडून. मुलांना मी 'आई' म्हणायला शिकवलं होतं. पण हिंदीत 'आई' म्हणजे 'आली' किंवा 'मी आले'. शाळेत पोरांनी चिडवलं, "आई? कुठून आली?" आणि मी मम्मी झाले ती कायमची. आता दोघं आपापल्या संसारात आहेत. फोनवर मम्मी म्हणतात. मला ते अजून लागतं.

तर देसी. पहिल्या दिवशी तिला विचारलं, "अजून फुलका वाढू?" तिने मान आडवी हलवली. मी फुलक्यांचं ताट उचललं. "भोपळ्याची भाजी?" तिने मान खालीवर केली. मी दोन पळ्या वाढल्या. रोज असंच. फुलक्याला नकार, भोपळ्याला होकार. मनात म्हटलं, काय एकेक आवडी असतात! चार दिवसांत पोरीचं तोंड एवढंसं झालं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती जिन्यावर बसून डोळे पुसत होती. मी शेजारी बसले, सावकाश विचारलं, "इथे आवडत नाही का? दुसरीकडे जायचंय?"

तिने मान खालीवर केली. एकदा नाही, तीनदा.

माझ्या काळजात चर्र झालं. पण कुणाला जबरदस्तीने ठेवून घेणारी मी नव्हे. कुलश्रेष्ठांना सांगून संस्थेत फोन करवला. वसतिगृहात जागा होती. सोमवारी सकाळी रिक्षा दाराशी आली.

देसी बॅगेवर बसून राहिली. उठेना. "माझी चूक काय झाली?" तिने तिच्या पुस्तकी हिंदीत विचारलं. नाक लाल झालं होतं.

"चूक कसली? तूच म्हणालीस ना, जायचंय म्हणून!"

"नाही म्हणाले!" असं म्हणून तिने जोरजोरात मान खालीवर केली.

कुलश्रेष्ठांनी चष्मा वर सरकवला. "थांब, थांब. ही नाही म्हणतेय, आणि मान बघ कशी हलतेय."

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "देसी, भोपळा आवडतो?"

मान खालीवर. "नाही."

"आणि फुलका?"

मान आडवी. "हो. खूप."

तिच्या देशात मान उलटीच हलवतात म्हणे. विमानात तिने आपली इथली पद्धत घोकून घोकून पाठ केली होती, पण घाबरली की मान तिच्या गावची व्हायची. मला रडू की हसू कळेना. चार दिवस मी पोरीला उपाशी ठेवून भोपळा चारला होता! कुलश्रेष्ठांनी रिक्षा परत पाठवली. देसीने त्या सकाळी सात फुलके खाल्ले. मी मोजत नव्हते, हे मोजत होते.

"आता या घरात मान हलवायची नाही," मी तिला बजावलं. "जे काय असेल ते तोंडाने बोलायचं."

"हो," देसी म्हणाली. मान दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मग तिने वही उघडली. "आणि कुणी हाक मारली तर काय म्हणायचं?"

आमच्या गल्लीत हाकेला सगळे 'जी' म्हणतात. लहानथोर सगळे. मला हे चांगलं ठाऊक होतं.

"आई म्हणायचं," मी म्हणाले. "म्हणजे, आले."

कुलश्रेष्ठांनी वर्तमानपत्र खाली केलं. माझ्याकडे बघितलं. मी पोळपाट पुसत राहिले. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विनोद केला नाही. वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

दुपारी मला तिच्याकडे काही काम नव्हतं. तरी जिन्याखाली जाऊन हाक मारली, "देसी!"

"आई!" वरून आवाज आला, आणि पाठोपाठ पायऱ्यांवर धावती पावलं.

ती खाली आली. "काय काम आहे?"

"काही नाही, जा."

ती वर पोचेपर्यंत मी कशीबशी थांबले, आणि पुन्हा हाक मारली.