मागच्या पानावरचा कोंबडा

तिसऱ्या सेकंदाला मासिझिबाला कळलं, बाबा गासेला विसरले.

ते तिच्यापासून चार पावलांवर, रंगमंचाच्या मधोमध, पालथ्या बादलीवर बसले होते. नटाचं थांबणं दोन प्रकारचं असतं. मुद्दाम थांबलेल्या नटाच्या बरगड्या हळूहळू भरत जातात, कारण पुढचं वाक्य त्याच्याजवळ असतं. विसरलेल्याच्या बरगड्या हलतच नाहीत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. इलिझ्वी नाटक मंडळीची प्रॉम्प्टर म्हणून अठ्ठावीस वर्षं उजव्या विंगेतल्या त्याच खुर्चीत बसून तिने ते टिपलं होतं.

समोर उभ्या झिनहलेचं वाक्य होऊन गेलं होतं, "बाबा, माझी बादली तुमच्या आधी होती." त्यावर उत्तर यायला हवं होतं, "बादलीला नाव असतं का, पोरी?"

मासिझिबाचं बोट एकतिसाव्या पानावर होतं. बोटाखालचं वाक्य तिने दिलं, फक्त चार पावलं जाईल एवढ्याच आवाजात. बाबा गासेलांच्या बरगड्या भरल्या आणि ते खणखणीत म्हणाले,

"तुझा कोंबडा माझ्या अंगणात आरवतो, म्हणजे सकाळ माझी."

या नाटकात कोंबडा नव्हता. हे बोअरवेलवरच्या रांगेचं नाटक होतं. त्यात बादल्या होत्या, भांडणं होती, एक बाळंतीण होती. कोंबडा होता तो १९८९ सालच्या नाटकात, दोन शेजाऱ्यांच्या, आणि तेही बाबा गासेलांनीच केलं होतं, तेव्हा केस काळे असताना.

हा पहिला प्रयोग. तिसऱ्या रांगेत कडेला नाटककार बसला होता, म्बोनिसी हडेबे, वय एकोणतीस, शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारा. त्याचं हे पहिलंच नाटक, आणि तिच्या तोंडून त्यात कोंबडा शिरला होता.

चूक कशी झाली, याचं उत्तर मंडळीच्या सवयीत होतं.

मंडळी काढली ड्लोड्लो सरांनी. माकोकोबा वस्तीतल्या शाळेत ते भूमिती शिकवायचे, आणि नाटक मंडळीलाही त्यांनी भूमितीसारखेच नियम घालून दिले होते. एक, कुठेही न झालेलं नाटकच करायचं. दोन, सहा शनिवार, दुपारी दोन वाजता, सहा प्रयोग, आणि मग ते नाटक पुन्हा कधीही नाही. तीन, प्रॉम्प्टरने पुस्तकात बघूनच शब्द द्यायचा, आठवणीतून नाही. आठवण लेखकाची वाक्यं सुधारते, असं ते म्हणायचे. चर्चच्या सभागृहात मंडळीने आजवर सत्तावन्न नाटकं केली होती. कुणाला पगार नव्हता. सर गेले त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

कागद मात्र कायम कमी. म्हणून नवं नाटक जुन्या नाटकाच्या पाठकोऱ्या कागदांवर टाइप व्हायचं. फोटोकॉपीच्या दुकानात असे कागद यंत्रात अडकतात म्हणून घेत नसत, तेव्हा टाइप करायची मासिझिबाच, चर्चच्या टाइपरायटरवर, न बघता. रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजवर तिची नोकरी झाली होती, बोटं सरावलेली होती. सर हसून म्हणायचे, आई मूल पाठीवर बांधते ना, तसं जुनं नाटक नव्याला पाठीवर घेतं. आणि गोंधळ नको म्हणून जुन्या बाजूवर निळ्या पेन्सिलीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारायची. रेघ दिसली की समजायचं, हे होऊन गेलं.

गेल्या आठवड्यात तिच्या प्रतीची दोरी तुटली. तिने घरी बसून पानं पुन्हा ओवली. एकतिसावं उलटं ओवलं गेलं.

सभागृह पुढच्या वाक्याची वाट बघत होतं. झिनहलेचे डोळे विंगेकडे वळले, आणि ते कधीही वळायचे नसतात. मासिझिबाने पान उलटलं, परत उलटलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून, शाल गुंडाळून बसलेल्या एका म्हातारीने, आपल्या स्वयंपाकघरात बसल्यासारखं म्हटलं,

"सकाळ घे बाबा, कोंबडा परत दे."

ते जुन्या नाटकातलं पुढचं वाक्य होतं, शब्दाला शब्द. सहा प्रयोगांतला एखादाच तिने पाहिला असणार, सव्वीस वर्षांपूर्वी.

सभागृह हसलं. झिनहले एवढी हुशार असेल असं सात आठवड्यांच्या तालमींत कुणालाही वाटलं नव्हतं. तिने बादली पुढे सरकवली आणि म्हणाली, "कोंबडा तुम्हीच ठेवा, बाबा. मला पाणी द्या." तिथून ती सरळ आपल्या पुढच्या वाक्यावर गेली. नाटक रुळावर आलं.

मासिझिबाने पुस्तक मिटलं. मिटलेलं पुस्तक मांडीवर ठेवून तिने उरलेलं नाटक काढलं. बाबा गासेला आणखी दोनदा अडकले, दोन्ही वेळा तिने आठवणीतून शब्द दिला. सरांचा तिसरा नियम मोडला होता, आणि वाक्यं बरोबर होती.

प्रयोगानंतर आवारात पत्र्याच्या मगांतून माहेवू, मक्याची आंबवलेली पेज, वाटलं जात होतं. ऑगस्टचा वारा धूळ उडवत होता, म्हणून लोक मगावर तळहात झाकून पीत होते आणि कोंबड्याबद्दल बोलत होते. मासिझिबा बाहेर गेली नाही. विंगेतल्या खुर्चीतच बसून राहिली. म्बोनिसी येणार हे तिला ठाऊक होतं, आणि काय बोलायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं. घाईत दोरी ओवली. वय झालं. माफ कर.

म्बोनिसी आला तो दिग्दर्शिका नोबुहलेला घेऊन. मागून बाबा गासेला, अंगावर अजून नाटकातलाच कोट. म्बोनिसी चिडलेला दिसत नव्हता. त्याने विचारून पुस्तक घेतलं, दोरी सोडली, एकतिसावं पान काढलं आणि पश्चिमेच्या खिडकीपाशी नेलं. पान पुढून बघितलं, मागून बघितलं. मग तिला जवळ बोलावलं.

"मा, ही निळी रेघ," तो म्हणाला, "ओवताना दिसली नाही का?"

"दिसते की. घाई झाली रे."

"कुठून कुठे आहे?"

मासिझिबाने पानावरून बोट फिरवलं, खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत.

रेघ उरलेल्या दोन कोपऱ्यांतून जात होती.

म्बोनिसीने पान खाली घेतलं. मग तो प्रयोगशाळेतल्यासारखं, कुणावर ठपका न ठेवता बोलला. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग आधी पिवळं पडतं, आणि पिवळ्या काचेतून निळं निळं दिसत नाही, फिकट होत जातं. काळी अक्षरं तशीच राहतात. म्हणून टाइप केलेलं वाचता येतं आणि रेघ हरवते. पाण्याच्या नमुन्यांत रंग पाहून मोजणी करतात, तिथे पिवळी काच मध्ये आली तर हाच घोळ होतो. "किती महिने झाले, मा?"

मासिझिबाने नोबुहलेकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. आठ महिने तिने हे कुणाला कळू दिलं नव्हतं. मिनीबसवरची पाटी दिसत नसे, तर ती ड्रायव्हरला हाक मारून विचारायची, आणि लोकांना वाटायचं, म्हातारी बोलघेवडी आहे. मिशनच्या दवाखान्याची चिठ्ठी तिच्या पर्समध्ये घडी घालून होती. शस्त्रक्रिया म्हणजे दीड महिना घरी, म्हणजे एक नाटक चुकणार. आजवर एकही चुकलं नव्हतं. आणि एकदा नाटक तिच्याशिवाय झालं की ते तिच्याशिवाय होऊ शकतं हे सगळ्यांना कळणार. तिला तेवढीच भीती होती.

"आठ," ती म्हणाली.

म्हटल्यावर तिला जाणवलं की आपले खांदे खाली आले. ते इतके दिवस वर होते हे तिला माहीतच नव्हतं.

नोबुहले शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि भावना दाखवायच्या वेळी हमखास रागवायची. दवाखान्यात गेला होता का, चिठ्ठी कुठाय, दाखवा, ही तर एप्रिलची तारीख आहे, मा, तुम्हाला काही अक्कल आहे का, असं ती एका दमात बोलली आणि मग तिकडे तोंड करून उभी राहिली.

बाबा गासेला मात्र दुखावले होते, आणि त्यांचं कारण वेगळं होतं. आठ महिने सगळे त्यांना टोमणे मारत होते की म्हातारा विसरायला लागला, औषध घ्या. त्या काळात दोनदा ते चुकीचं वाक्य म्हणाले होते, ते तिनेच दिलेलं होतं, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

"मग बोलला का नाहीत?" मासिझिबाने विचारलं.

"काय बोलू?"

"आणि आज? कोंबडा या नाटकात नाही, हे कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं ना. तोंडातून निघायच्या आधी कळलं."

"तरी म्हणालात?"

"मासिझिबा, तुम्ही दिलेला शब्द मी कधी परत केलाय का?" बाबा गासेला म्हणाले. "तिथे उभं राहून तुमच्यावर संशय घ्यायला लागलो, तर मग मी उभा कशाच्या जोरावर?"

त्यानंतर ती हसली. डोळे पुसले, त्याने काही स्पष्ट दिसू लागलं नाही, आणि पुन्हा हसली.

खुर्चीचं काय करायचं हे तिनेच सांगितलं. नोबुहले म्हणत होती की तुम्ही बसा, आम्ही मोठ्या अक्षरांत टाइप करून देऊ. मासिझिबाने मान हलवली. म्बोनिसी बसेल, ती म्हणाली. नाटककाराने बसायचं नसतं, तो स्वल्पविरामसुद्धा सोडत नाही, सर असते तर नाही म्हणाले असते. पण हा मोजणारा माणूस आहे, शिकेल. मग चार दिवस, रोज त्याची प्रयोगशाळा सुटल्यावर, तिने त्याला बाबा गासेलांच्या बरगड्या बघायला शिकवलं. बाबा खुर्चीत बसून भाकरीच्या तुकड्यासारखी वाक्यं चघळायचे, मध्येच मुद्दाम थांबायचे, मध्येच खरोखर विसरायचे, आणि म्बोनिसीने ओळखायचं. पहिल्या दिवशी वीसपैकी नऊ बरोबर आले. चौथ्या दिवशी सतरा.

"उरलेले तीन?" त्याने विचारलं.

"ते मलाही अजून येत नाहीत," ती म्हणाली.

कोंबड्याचं वाक्य ठेवावं असा बाबांचा आग्रह होता. लोक हसले होते. म्बोनिसीलाही मोह झाला, पण मग तो म्हणाला की नको, ते त्या नाटकाचं आहे. मासिझिबाला त्याचं हे बोलणं आवडलं.

दुसऱ्या शनिवारी ती दारातून आत आली, सगळ्यांसारखी, आणि पहिल्या रांगेत बसली. बाजूला तीच शालवाली गोगो, म्हणजे आजी, होती. दवाखान्याची नवी तारीख पुढच्या गुरुवारची होती.

अठ्ठावीस वर्षांत तिने एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं. तिला सगळी माणसं एकाच बाजूने ठाऊक होती: एक कान, एक गाल, अर्ध्या बरगड्या. आज बाबा गासेला समोर बसले होते, धुक्यात बसल्यासारखे, पूर्ण. समोरून बघताना कोटामुळे त्यांच्या बरगड्या दिसत नव्हत्या.

झिनहले म्हणाली, "बाबा, माझी बादली तुमच्या आधी होती."

बाबा थांबले.

मासिझिबाने मोजलं. एक. दोन. मांडीवर तिचं बोट आपोआप, नसलेल्या पुस्तकातल्या एका ओळीवर जाऊन थांबलं. तीन. वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, तिने ओठ घट्ट मिटले.

"बादलीला नाव असतं का, पोरी?" बाबा गासेला म्हणाले.

त्यांना आठवलं, की विंगेतून कुणी दिलं, हे तिला कळलं नाही. तिने कान देऊन ऐकलं होतं, तरीही कळलं नाही. तिने अडवलेला श्वास सोडला.

गोगो तिच्या कानाशी वाकली. "काय गं, आज कोंबडा नाही का?"

"तो मागच्या पानावर आहे, गोगो," मासिझिबा कुजबुजली.

गोगोला ते पटलेलं दिसलं. तिने शालीतून उकडलेल्या शेंगांची पुडी काढली आणि पुढे केली. मासिझिबाचं बोट अजून ओळीवर होतं. ते उचलून तिने हात उघडला.