कोंडाजी मेंढा आणि ‘दीड फौजदार’

सोनबा मरगळे सिनेमात चमकला होता, हे भोरच्या बाजारात आता कुणाला सांगूनही पटत नसे. पटणार तरी कसं? सोळा वर्षांपूर्वी निघालेला तो सिनेमा टॉकीजला लागलाच नाही. ‘दीड फौजदार’ त्याचं नाव. एक फौजदार मराठी, दुसरा कानडी, दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नाही आणि चोर दोघांनाही सापडत नाही, अशी गोष्ट. सिनेमा दोन्ही भाषांत काढायचा म्हणून भोरच्या पुढं घाटरस्त्यावर प्रत्येक गंमत दोनदा करायचे, सकाळी मराठीत आणि दुपारी कानडीत. फौजदारांच्या जीपला मेंढरं आडवी येतात, ती मेंढरं सोनबाची. सोनबाला बोलायला काहीच नव्हतं, त्यामुळं त्याचं कानडी मराठीइतकंच चांगलं झालं होतं.

पण वाडीत त्या सिनेमाचा विषय निघाला की पहिलं नाव यायचं ते कोंडाजीचं. कोंडाजी म्हणजे सोनबाचा मेंढा. त्याची आई मेली तेव्हा सोनबाच्या बायकोनं, सखूबाईनं, बाटलीनं दूध पाजून त्याला वाढवला होता. रंगानं पांढरा, मागच्या मांडीवर भाकरीएवढा तांबूस डाग, आणि चार टाळकी जमलेली दिसली की तिथं जाऊन उभं राहायची खोड. शूटिंगच्या दिवशीच तो नाहीसा झाला.

झालं असं, की त्या संध्याकाळी सिनेमावाल्यांनी सगळ्यांना मटणाचं जेवण ठेवलं होतं. सोनबाचा पाय तिथून निघेना. म्हणून त्यानं कळप चिमाजीच्या हवाली केला. चिमाजी त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. एकाला ठेच लागली तर दुसरा लंगडायचा. कळप हवाली करायचा तर दोघांनी मिळून मोजायचा, ही धनगरांची रीत. चिमाजीनं मेंढरं वाडग्यावर, रात्रीच्या काटेरी कुंपणात, नेली आणि आत घालताना बघतो तर कोंडाजी नाही.

चार दिवसांनी पंच बसले. सोनबानं बिरोबाचा भंडारा कपाळाला लावून सांगितलं, की मेंढरं म्या मोजून दिली. एवढ्यावर थांबला असता तर सोनबा कसला? खाई त्याला खवखवे, असं चिमाजीकडं बघून म्हणाला, आणि ज्यानं माझा मेंढा खाल्ला त्याच्या तोंडात एक दात राहणार नाही, असा शाप देऊन मोकळा झाला. चिमाजी एका शब्दानं बोलला नाही. त्यानं आपली मेंढरं विकून टाकली आणि कामथडीला लेकाच्या शेतावर राहायला गेला. तेव्हापासून भोरच्या यष्टी स्टँडवर दोघं समोरासमोर आले की दोघांनाही एकदम गाड्यांचं वेळापत्रक वाचायचं असे. वाचता एकालाही येत नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगायची तर सोनबानं मेंढरं मोजून दिली नव्हती. फोटोला उभं राहायचं म्हणून कुणीतरी त्याला नवा फेटा बांधत होतं. मोजायला चिमाजीनं दोनदा हाक मारली, तेव्हा हा मान न हलवता म्हणाला होता, समदी हायती, ने तू. पण एकच गोष्ट सोळा वर्षं सांगितली की सांगणाऱ्यालाही ती खरी वाटायला लागते.

यंदा सोनबाच्या नातीला, वैष्णवीला, भोरात एका जुन्या दुकानात धूळ खात पडलेली ‘दीड फौजदार’ची डीव्हीडी सापडली. ती भोरच्या कॉलेजात शिकते. दुकानदाराकडून प्लेअरही आठवडाभरासाठी मागून आणला. एकाच डिस्कवर मराठी सिनेमा होता, कानडी सिनेमा होता आणि शूटिंगच्या गमतीजमतीही होत्या. वैष्णवीनं टीव्हीला वायर जोडली. सोनबा फेटा बांधून बसला, जसं काही तिकडच्या लोकांना तो दिसणार होता.

मराठीत जीप थांबली आणि मेंढरं आली. सगळ्यांत पुढं, थेट कॅमेऱ्यात नाक घालून, कोंडाजी. सखूबाईनं पदर डोळ्याला लावला. मग वैष्णवीनं कानडी लावलं. तीच जीप, तीच मेंढरं. धनगराला मेंढरं आकड्यानं कळत नाहीत, तोंडावरून कळतात. सखूबाई पुढं सरकली आणि म्हणाली, “अवो, ह्यात कोंडाजी न्हाई.”

वैष्णवीनं तीनदा मागं नेऊन दाखवलं. कोंडाजी खरंच नव्हता. म्हणजे मेंढा दुपारच्या आधीच गेला होता, कळप सोनबाच्याच ताब्यात असताना. आणि चिमाजीच्या हातात मेंढरं गेली ती संध्याकाळी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

गमतीजमतीत जेवणाची पंगत होती. सिनेमावाल्यांनी सारोळ्याहून दोन मेंढे आणून तंबूमागं बांधल्याचं सोनबाला आठवलं. पंगतीत भरल्या तोंडाचा, बत्तीस दातांचा सोनबा कॅमेऱ्यात बघून हाडूक चोखत सांगत होता, की असं मटण म्या जन्मात खाल्लं न्हाई, आणि वाटी पुढं करून आणखी रस्सा मागत होता. त्याच्या डोक्यामागं दोरीवर तीन कातडी वाळत होती. तिसऱ्यावर भाकरीएवढा तांबूस डाग होता. कोंडाजी सवयीप्रमाणं पाहुण्या मेंढ्यांत जाऊन उभा राहिला होता, आणि आचाऱ्याला काय, जो तिथं उभा तो मेंढा.

सोनबानं उठून वायरच उपसली. सोनबाच्या तोंडात आता एकही दात नव्हता. गेली दहा वर्षं सखूबाई त्याचा दोष तंबाखूला देत आली होती.

डिस्क चुलीत घातली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. वैष्णवीनं कुणाला सांगितलं नसतं. पण दोन दिवस सोनबाला भाकरी गोड लागेना. तिसऱ्या दिवशी सखूबाई एवढंच म्हणाली, “भंडारा तुमी लावला व्हता.” सोनबानं डिस्क आणि प्लेअर पिशवीत घातला, नातीला बरोबर घेतलं आणि कामथडी गाठली.

चिमाजी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा दातांनी फोडत बसला होता. सोनबाला बघून त्याचं तोंड चालायचं थांबलं. त्यानं सुनेला, नूतनला, पाणी आणायला सांगितलं. बस म्हणाला नाही. सोनबा उभ्याउभ्याच म्हणाला, “चिमा, म्या मेंढरं मोजून दिली नव्हती.”

“ठाऊक हाय,” चिमाजी म्हणाला. “म्या तिथंच व्हतो की.”

वैष्णवीनं ओसरीवरून दिसणाऱ्या चिमाजीच्या टीव्हीला वायर जोडली आणि पंगतीचं चित्र लावलं. सोनबा हाडूक चोखत होता, मागं कातडी वाळत होती. या वेळी वायर उपसायला तो उठला नाही, म्हणून चित्र पुढं सरकलं. कडेनं एक माणूस धापा टाकत आला. चिमाजीच तो. मेंढा हरवल्याचं सांगायला वाडग्यावरून पळत आला होता. त्यानं दोरीकडं बघितलं, मग वाटी पुढं करणाऱ्या सोनबाकडं बघितलं. बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि आल्या पावली परत गेला.

सोनबा चिमाजीकडं वळला. “तू बघितलं व्हतंस. मग पंचांत का न्हाई बोललास?”

“सांगणार व्हतो. तेवढ्यात तू शाप देऊन बसलास,” चिमाजी म्हणाला. “मग कुणाचं नाव घिऊ?”

सोनबा ओसरीवर बसला आणि रडायला लागला. सोळा वर्षं ज्याला चोर म्हटलं त्यानं आपल्यासाठी तो आळ सोसला होता. चिमाजीनं त्याच्या बोळक्या तोंडाकडं बघितलं.

“शाप तरी लागलाच म्हणा,” तो म्हणाला, आणि शेंगांचं सूप सुनेकडं सरकवत त्यानं सांगितलं, की दाण्याचं बारीक कूट कर, गूळ घाल, ह्याला चावत न्हाई.