सरांना माझी लाज वाटली

मित्रांनो, मी एक जुना बेडपॅन आहे. नाक मुरडलंत? मुरडा, मला सवय आहे. भाईंदरच्या कारखान्यात ज्या पत्र्यातून मी जन्मलो, त्यातूनच माझ्या भावंडांची पूजेची ताटं झाली. ती देवघरात गेली, मी नालासोपाऱ्याच्या एका इस्पितळात आलो. तक्रार नाही. ज्याला उठवत नाही, तो देवाच्या आधी माझं नाव घेतो.

मग करोना आला. सिस्टर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेल्या. कोण कोणाची, काही कळेना. एका परीनं बरंच झालं. अनोळखी माणसापुढे लाज कमी वाटते.

जवळच्याच गास गावचे आलोशियस सर, निवृत्त शिक्षक, ऑक्सिजनवर होते. "मास्क काढून संडासाला जायचं नाही, श्वास तुटेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सर तोंड वाकडं करत, पण मला मुकाट्याने घेत. तब्येत सुधारत होती. फक्त एकटेपणानं जेवेनासे झाले. एका सिस्टरला राहवलं नाही. ती वाकून म्हणाली, "सर, मी मर्सी, आपल्या गासचीच. तुमच्या वर्गातली, शेवटच्या बाकावरची."

सरांचे डोळे हसले. "नऊचा पाढा येतो का गं, बाय, अजून?"

"येतो की. छड्या खाल्ल्यात त्याच्यासाठी."

त्या दिवशी सर वाटीभर पेज प्याले.

दुपारी तिने मला पुढे केलं. सरांनी मान फिरवली. "ते नको."

"सर, कालपर्यंत तर घेत होतात."

"काल तू मर्सी नव्हतीस."

"बरं, वॉर्डबॉय मामांना बोलावते. तोवर उठू नका हं."

"जा तू. थांबतो मी."

ती गेली. सर थांबले नाहीत. मास्क काढून उशीवर नीट ठेवला आणि भिंत धरून निघाले. मी कॉटखाली होतो. मला तोंड एवढं मोठं, पण आवाज नाही.

संडासाच्या दारातच ते कोसळले. मर्सी आणि मामा धावत आले. मास्क लावला, छाती दाबली. सर परतले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, कोविडचा न्यूमोनिया. खरंच होतं ते. फुप्फुसं आजारानंच पोखरली होती. पण उरलासुरला श्वास भिडेनं नेला, हे मर्सीला ठाऊक होतं, आणि मला.

पुढे गासच्याच इनेझ मावशी त्या वॉर्डात आल्या. मर्सीचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "कोणाची गं तू?"

"मी इकडची नाही, मावशी. लांबची आहे."

मावशींनी निमूट मला घेतलं. बऱ्या झाल्या. घरी जाताना तिचा हातमोजा कुरवाळत म्हणाल्या, "परकी असून किती केलंस गं. आमच्या गावात तुझ्यासारखी एक पोर नाही बघ."

मर्सीने त्यांची पिशवी उचलून दारापर्यंत नेली.

मित्रांनो, मला पूजा नको, कौतुकही नको. तुमच्या घरचं कोणी धापा टाकत असेल, तर त्याला एवढंच सांगा: भांडं मागून घे. देणारा हात ओळखीचा निघाला, तर डोळे मिटून घे. पण मास्क काढू नकोस.